पावसाळ्यात शेडनेटमधल्या पालकात नायट्रेट का वाढते?

माळावरचा_मळेकरी:
नमस्कार मंडळी. आम्ही शेडनेटखाली गादीवाफ्यांवर ‘ऑल ग्रीन’ पालक घेतो. खरेदीदाराने फेब्रुवारीत केलेल्या तपासणीत नायट्रेट किलोमागे दोन हजार मिलिग्रॅमच्या आसपास निघाले होते. ऑगस्टच्या मालात ते चार हजारांपुढे गेले आणि गाडी परत आली. दोन्ही वेळा लागवडीआधी शेणखत तेवढेच होते आणि प्रत्येक कापणीनंतर युरियाही तेवढाच दिला होता. पाणी विहिरीचे आहे. खरेदीदार युरोपीय संघाची ताज्या पालकासाठीची ३,५०० ची मर्यादा दाखवतो. खत सारखे असताना एवढा फरक कशाने पडला, आणि पूर्ण सेंद्रियाकडे वळल्यास हा प्रश्न सुटेल का, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

पर्णहरित:
खत सारखे होते, पण ऊन सारखे नव्हते. मुळांनी घेतलेले नायट्रेट पानात आल्यावर नायट्रेट रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) त्याचे नायट्राइट करते, पुढे हरितकणांत त्याचा अमोनिया होतो आणि त्यातून अमिनो आम्ले तयार होतात. या साऱ्या साखळीला प्रकाशसंश्लेषणातून मिळणारी ऊर्जा लागते आणि ते विकरही उजेडातच जोमाने काम करते. ऑगस्टचे ढगाळ आभाळ आणि त्यावर हिरवी जाळी अशी दुहेरी सावली पडली, की मुळे नायट्रेट घेत राहतात पण पान ते वापरू शकत नाही, आणि उरलेला साठा पेशींतील रिक्तिकांमध्ये, म्हणजे साठवणीच्या पोकळ्यांमध्ये, जातो. शिवाय उजेड कमी असताना साखर कमी बनते, तेव्हा पेशीत पाणी धरून ठेवण्याचे साखरेचे काम वनस्पती या साठ्याकडून करून घेते. म्हणूनच पाने टवटवीत, गर्द हिरवी आणि रसरशीत दिसली तरी त्यांत नायट्रेट कमी असेल असे समजू नये. बहुधा उलटच असते.

यातून दोन गोष्टी निघतात. रात्रभर विकर मंदावलेले असल्याने पहाटे कापलेल्या पानात नायट्रेट अधिक आणि उन्हाच्या दिवशी दुपारनंतर कापलेल्या पानात कमी असते. दुसरे म्हणजे मुळांकडून येणारा प्रवाह देठातून जातो, त्यामुळे देठात पानाच्या पात्यापेक्षा ते बरेच जास्त असते. लांब देठांची जुडी बाजारात भरदार दिसते, प्रयोगशाळेत मात्र महाग पडते.

कोंबडखत_अनुभवी:
सेंद्रियाविषयी लिहितो, कारण याबाबत गैरसमज फार आहे. मुळांना नायट्रेट युरियातून आले की खतातून, याने काही फरक पडत नाही. शेणखत सावकाश कुजते, त्यामुळे सहसा नायट्रेट एकदम वाढत नाही. पण कोंबडखत भरपूर टाकले आणि जमीन उबदार व ओली असली, तर ऐन कापणीच्या सुमारास त्यातून नायट्रेट मोकळे होत राहते आणि युरियासारखे ते थांबवताही येत नाही. २०१५ पासून आपल्याकडचा युरिया कडुनिंबलेपित असतो, त्याने नायट्रेट बनण्याची क्रिया थोडी लांबते, थांबत नाही. खोडव्याला (कापणीनंतर त्याच मुळांवर फुटणाऱ्या पिकाला) कापणीनंतर दिलेला युरिया पुढच्या कापणीपर्यंत पुरता वापरला जायला हवा, आणि पावसाळी दिवसांत तो वापरला जात नाही. माझ्या मते त्या हंगामात मात्रा निम्म्यावर आणणे हाच पहिला उपाय आहे.

विहिरीचे पाणीही तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट आहे. तेवढेच नायट्रेट असलेले २०० मिलिमीटर पाणी हेक्टरला दिले, तर सुमारे २० किलो नत्र त्यातूनच जाते. ते खताच्या हिशेबात कोणी धरत नाही.

मातीपरीक्षक:
वर दोन बाबी राहिल्या आहेत. नायट्रेट रिडक्टेजच्या रचनेत मॉलिब्डेनम असते आणि आम्लधर्मी जमिनीत, उदाहरणार्थ कोकणातल्या जांभ्याच्या मातीत, ते पिकाला कमी मिळते. अशा ठिकाणी आधी मातीचा सामू (पीएच) पाहावा. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत हे कारण सहसा नसते, म्हणून कोणी सांगितले म्हणून मॉलिब्डेनमची फवारणी करू नये. तसेच म्युरिएट ऑफ पोटॅश या पालाशयुक्त खतातील क्लोराइड मुळांपाशी नायट्रेटशी स्पर्धा करते, त्यामुळे नायट्रेटचे शोषण काहीसे घटते. मात्र पाणी आधीच क्षारयुक्त असेल तर हा मार्ग नको.

अहवालही नीट वाचावा. आकडा नायट्रेटचा आहे की नायट्रेट-नत्राचा, यात सुमारे ४.४ पटींचा फरक पडतो, आणि कोरड्या वजनावरचा असेल तर पालकात तो दहा पटींच्या घरात जातो. आणखी एक: युरोपीय मर्यादा स्पिनेशिया ओलेरेशिया या विलायती पालकासाठी आहे, तर आपला ‘ऑल ग्रीन’ हा बीटच्याच जातीतला. नायट्रेट साठवण्यात दोघेही पटाईत आहेत, तरीही करारात कोणती जात लिहिली आहे हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

माळावरचा_मळेकरी:
आभारी आहे. आकडा ताज्या वजनावरचा आणि नायट्रेटचाच आहे. कापणी आम्ही पहाटेच करतो आणि जुडी देठासकट बांधतो. घरी मुलेही हीच भाजी खातात, तेव्हा काळजीचे कारण आहे का?

पर्णहरित:
प्रौढ माणसासाठी दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे ३.७ मिलिग्रॅम नायट्रेट ही स्वीकार्य मात्रा धरली जाते. त्या हिशेबाने साठ किलोच्या माणसाला तुमचा ऑगस्टचा पालक पन्नास-पंचावन्न ग्रॅममध्येच ती मर्यादा गाठून देतो. तरीही युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००८ मध्ये भाज्यांचे फायदे या जोखमीपेक्षा मोठे असल्याचे मत दिले होते, त्यामुळे पालक ताटातून काढण्याची गरज नाही. लहान बाळांच्या बाबतीत मात्र सावध राहावे, आणि शिजवलेली भाजी उन्हाळ्यात तासन्‌तास बाहेर ठेवून त्यांना देऊ नये, कारण जिवाणू त्यातील नायट्रेटचे अधिक घातक नायट्राइट करतात. पाने उकळून पाणी टाकून दिले तर प्रमाण बरेच उतरते, अर्थात त्यासोबत काही जीवनसत्त्वेही जातात.

पुढच्या खेपेला एकाच वाफ्यातील पाने पहाटे आणि दुपारी चार वाजता कापून, देठ व पाती वेगळी करून तपासायला द्या. जाळी उघडता येत असेल तर कापणीआधीचे काही दिवस ती दिवसभर बाजूला सारून ठेवा, आणि तो माल वेगळ्या नमुन्यात पाठवा.