950 किलोच्या गाडीला बटण प्लेट कशाला?

सातरस्ता
गाडी एक लिटर टर्बो पेट्रोल, वजन 950 किलो. मूळ टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) 150 न्यूटन-मीटर, रीमॅपनंतर, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलल्यावर, 210. (नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा कंपनीवर घसरतो.) आता चौथ्या-पाचव्या गिअरला पाय पूर्ण दाबला की आरपीएम चढतो आणि वेग तिथल्या तिथं. म्हणजे क्लच बदलायचाच आहे. ज्याला विचारावं तो म्हणतो सहा बटणांची सिरॅमिक क्लच प्लेट टाक (घासायला अख्ख्या कड्याऐवजी सहा सुटे कडक तुकडे असतात ती), परत बघायला नको. मला ते पटत नाही. प्लेट मूळच्यासारखी ऑरगॅनिकच (मऊ लायनिंगची, म्हणजे घासणाऱ्या अस्तराची) ठेवावी, फक्त तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट जास्त दाबाची घ्यावी. गाडी रोज सोलापुरातच, जुना पुणे नाका ते होटगी रोड, कधीमधी तुळजापूर घाट. ट्रॅकवर जाणार नाही.

फुल्ल_पाय
काय बे, 210 टॉर्क करून घेतलास आणि प्लेट मात्र घरगुती? सोलापूरचा मे महिना 43-44 अंशांचा. ऑरगॅनिक लायनिंग तापलं की पकड सोडतं, वास सुटतो, मग रस्त्याकडेला थांबा. सिरॅमिकचा घर्षणांक जास्त, उष्णता जास्त सोसतं. एकदाच खर्च कर की.

सातरस्ता
हवेचे 44 अंश क्लचला फारसे जाणवत नाहीत. लायनिंग बिघडतं ते दोनशेच्या वर गेल्यावर, आणि तिथवर त्याला हाफ क्लच नेतो, ऊन नाही. शिवाय गाडी उचलताना क्लचमध्ये किती उष्णता तयार होते ते वजनावर ठरतं. 1300 किलोच्या गाडीपेक्षा माझ्या गाडीत ती चौथा हिस्सा कमी. हलक्या गाडीचा फायदा घ्यायचा तो इथंच.

होटगी_रोड
मग मूळचाच क्लच का नको? गाडी हलकी आहे तर टायर आधी फिरतील, क्लचवर ताण येणारच नाही. उगाच खर्च.

त्रिज्या
होटगी_रोड, पहिल्या गिअरपुरतं बरोबर, पाचव्याला चूक. हिशेब करा. पुढच्या चाकांवर चालकासह 600 किलो धरा, टायरची पकड 0.9, चाकाची त्रिज्या 0.3 मीटर. चाकं सुमारे 1600 न्यूटन-मीटर पेलतात. पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर (टॉर्क चाकाशी किती पट होतो ते) 14 धरलं तर क्लचपर्यंत 115 पोहोचतानाच टायर घसरले. पाचव्याला गुणोत्तर साडेतीनच्या आसपास. तिथं टायर साडेचारशेपर्यंत सोडत नाहीत, म्हणजे इंजिनाचा सगळा 210 क्लचवरच. म्हणून तर याचा वरच्या गिअरलाच घसरतोय. वजन कमी असल्यानं उष्णता कमी होते, टॉर्क पेलायची गरज कमी होत नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ सगळेच करतात.

क्लच किती टॉर्क पेलतो ते चार गोष्टींवर: घर्षणांक, दाब, सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या. घर्षणांक तोच ठेवून दाब तीस टक्के वाढवला की टॉर्कही तीस टक्के वाढतो. मूळ क्लच 195 पेलत असेल, तर 250 मिळाले. 210 ला पुरे.

फुल्ल_पाय
आणि पेडल? दाब तीस टक्के वाढवला की डावा पाय रडतो. शिवाय पेडल दाबलेलं असताना तो जोर क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर (क्रँकशाफ्टला पुढंमागं सरकू न देणाऱ्या) जातो, हे ऑरगॅनिकवाले कधी सांगत नाहीत. सिरॅमिकला घर्षणांकच जास्त, स्प्रिंग मूळचीच ठेवली तरी चालते.

सातरस्ता
थ्रस्ट बेअरिंगचा मुद्दा मान्य. म्हणूनच सिग्नलला न्यूट्रल करून पाय काढायचा.

गिअरबॉक्सवाले_मामा
पोरांनो, ट्रॅक्टरला बटण प्लेट मी कितीदा बसवली, तिथं ती शोभते. गाडीत ती स्विचसारखी पकडते. जानेवारीत सिद्धेश्वरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत तासभर इंच इंच पुढं सरकायचं तर बटण प्लेटनं गाडी थरथरते नाहीतर बंद पडते. त्याहून मोठी गोष्ट, क्लच जरा घसरतो म्हणून गिअरचे दात वाचतात. हलक्या गाडीचा गिअरबॉक्सही लहानच असतो, मूळ 150 साठी केलेला. क्लच घसरायचाच नाही म्हटलं तर झटका सरळ शाफ्टवर. बटणच घालायची असेल तर मधे स्प्रिंग असलेली घ्या, बिनस्प्रिंगची नको. आणि हलकं फ्लायव्हील (क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते ती इंजिनाची चकती) कुणी सुचवलं तर हात जोडा. ते उष्णताही कमी पचवतं.

फुल्ल_पाय
मामा, स्प्रिंगवाली सिरॅमिकच म्हणतोय मी. थरथर पहिले काही दिवस, मग पायाला सवय होते.

गिअरबॉक्सवाले_मामा
पायाला होते. गाडी घरात अजून कोण चालवतं?

सातरस्ता
आई चालवते. तिच्या पायाला ही सवय मी लावणार नाही. ऑरगॅनिक प्लेट, जास्त दाबाची प्रेशर प्लेट, नवीन रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं), फ्लायव्हील मूळचंच, फक्त तोंड घासून घेणार. पहिले 800 किलोमीटर शहरातच, फुल पाय नाही. रीमॅपवाल्याला 2000 आरपीएमच्या आतला टॉर्क थोडा उतरवायला सांगतोय.

फुल्ल_पाय
टॉर्क उतरवून क्लच वाचवायचा होता तर रीमॅप कशाला केलास? मी माझ्या मतावर ठाम आहे. चार माणसं बसवून घाट चढ, मग बोलू.

त्रिज्या
चार माणसांनी उष्णता वाढेल, 210 चे 211 होणार नाहीत.