नववीच्या वर्गात आवाज आणि चित्रे ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्ता कशी शिकवावी?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका, सातारा जिल्हा)

नमस्कार. आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत नववीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा छोटा उपक्रम घ्यायचा आहे. मोबाइलला बोलून मजकूर लिहून घेणे मुलांना सरावाचे आहे. परंतु यंत्र आवाज किंवा चित्र ‘ओळखते’ म्हणजे नेमके काय करते, हे त्यांना उमगावे अशी माझी इच्छा आहे. संगणक मोजके आहेत, इंटरनेट अधूनमधून जाते आणि मुलांना प्रोग्रॅमिंग येत नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर (संगणक शिक्षक, पुणे)

मॅडम, सुरुवात चित्रापासून करावी आणि पहिला तास संगणकाविना घ्यावा. आलेखाच्या कागदावर २८ बाय २८ चौकटी आखून त्यांत मुलांना मराठी अंक लिहायला सांगावेत. भरलेल्या चौकटीला २५५, रिकाम्या चौकटीला ० आणि अर्धवट भरलेल्या चौकटीला मधली संख्या दिली, की अंकाच्या जागी ७८४ संख्या उरतात आणि यंत्राला दिसते ते एवढेच. हस्तलिखित अंकांचा ‘एमनिस्ट’ हा प्रसिद्ध संच याच मापाच्या ७०,००० चित्रांचा आहे.

त्यानंतर नमुने दाखवून यंत्राला ओळखायला शिकवण्याचे गूगलचे ‘टीचेबल मशीन’ हे साधन वापरावे. ते ब्राउझरमध्ये चालते आणि प्रोग्रॅमिंग लागत नाही. अर्ध्या वर्गाच्या हस्ताक्षरातील १ आणि ९ देऊन ते शिकवावे, आणि चाचणी मात्र उरलेल्या अर्ध्या वर्गाच्या हस्ताक्षरावर घ्यावी. ही विभागणी कृपया टाळू नये. ज्या चित्रांवर यंत्र शिकले त्यांवरच त्याची परीक्षा घेतली, तर ते शिकले की नुसते पाठ केले, हे कळण्याचा मार्गच राहत नाही.

उत्तर (भाषाविज्ञानाची विद्यार्थिनी, मुंबई)

सरांच्या सूचनेला आवाजाची जोड देते. ‘प्राट’ हे ॲम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेले ध्वनिविश्लेषणाचे मोफत सॉफ्टवेअर एकदा उतरवून घेतले, की इंटरनेटशिवाय चालते. त्यात ‘कडा’ आणि ‘खडा’ हे शब्द ध्वनिमुद्रित करून त्यांचे स्पेक्ट्रोग्राम शेजारी ठेवावेत. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर वारंवारता आणि जितका जोर तितका गडद रंग, अशी ती आकृती असते. ‘ख’ सुटल्यानंतर स्वर सुरू होईपर्यंत श्वासाचा विखुरलेला पट्टा त्यात डोळ्यांना दिसतो. आपण जे महाप्राण व्यंजन म्हणून व्याकरणात शिकवतो, ते मुले तेथे प्रत्यक्ष पाहतात. आवाज असा चित्रात उतरल्यावर चित्र ओळखणारी पद्धत आवाजालाही का लागू पडते, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून माझ्या मते उपक्रमाचा सर्वाधिक वेळ येथे द्यावा.

‘टीचेबल मशीन’ आवाजाचे एकेक सेकंदाचे तुकडे घेते, त्यामुळे शब्द छोटे निवडावेत. ते सुरुवातीला किमान २० सेकंद पार्श्वभूमीचा आवाज मागते, तो पंखे चालू असलेल्या तुमच्याच वर्गात घ्यावा. नववीत मुलांचा आवाज फुटत असतो, ही तर आयती संधी आहे. केवळ मुलींच्या आवाजावर शिकवलेले यंत्र मुलांच्या आवाजावर तपासून पाहावे आणि निकाल विद्यार्थ्यांनीच फळ्यावर नोंदवावेत.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मुलांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे वापरली तर चालतील का?

उत्तर (संगणक शिक्षक, पुणे)

मी वापरणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीची तरतूद त्यात आहे. आवाजाच्या प्रयोगासाठीही पालकांना आधी पत्र द्यावे आणि नमुने नंतर पुसून टाकावेत. चेहऱ्यांऐवजी वड आणि पिंपळाची पाने घ्यावीत. वडाची पाने पांढऱ्या कागदावर आणि पिंपळाची मातीवर ठेवून छायाचित्रे घेतली, तर यंत्र पानाऐवजी पार्श्वभूमीच शिकण्याची दाट शक्यता असते. मग कागद आणि माती यांची अदलाबदल करून पाहावी.

चेहऱ्यांचा विषय मात्र चर्चेत जरूर घ्यावा. जॉय ब्युओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या संशोधकांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या, तेव्हा गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत चुकांचे प्रमाण ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले, तर उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत ते जास्तीत जास्त ०.८ टक्के होते. पानांचा प्रयोग स्वतः केलेल्या मुलांना हे आकडे दाखवावेत आणि कोणते नमुने कमी पडले असावेत, हे त्यांनाच विचारावे.