‘स्ट्रेंजर ऑन द थर्ड फ्लोअर’सारख्या सावल्या कशा पाडायच्या?

प्रश्न : १९४० च्या या चित्रपटातल्या स्वप्नदृश्यात कोठडीच्या भिंतीवर गजांच्या तिरप्या, धारदार सावल्या पडतात. लघुपटासाठी तसंच हवंय. एलईडी पॅनेलसमोर पुठ्ठ्याचे गज धरले, तर नुसते धुरकट पट्टे येतात. काय चुकतंय?

छायाप्रकाश : पॅनेलच चुकतंय. प्रकाशाचा उगम जेवढा मोठा, तेवढी सावलीची कड विरघळते. डिफ्यूजर (उजेड पसरवणारं आवरण) काढलेला एकच सीओबी दिवा (एका छोट्या ठिपक्यातून उजेड देणारा एलईडी) घ्या, रिफ्लेक्टरही (दिव्याभोवतीची चकचकीत वाटी) उतरवा. दिवा १०-१२ फुटांवर, गज भिंतीपासून दोन-तीन फुटांवर. गज दिव्याकडे सरकवले की सावली मोठी होते, पण कड जाते. तिरपेपणा हवा तर गजच तिरपे धरा. या चित्रपटाचा छायाचित्रकार निकोलस मुसुराका, त्याच्या छायाचित्रणाचा सगळा जीव अशा मोजक्या, कडक दिव्यांत आहे.

रात्रपाळी : खोली पांढरी असेल तर समोरच्या भिंतीवरून उजेड परत येतो आणि काळं राखाडी होतं. कॅमेऱ्यामागे काळं कापड लावाच. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) उजळ पट्ट्यांवर ठरवा. ऑटोवर ठेवलंत तर कॅमेरा अंधार उजळवत बसतो.

छायाप्रकाश : बरोबर. आणि सगळ्या चित्रपटभर हे करू नका. मूळ चित्रपटात वर्तमानपत्राच्या कचेरीतले, उपाहारगृहातले प्रसंग बऱ्यापैकी उजळ आहेत, म्हणून अभिनेता पीटर लॉरी जिन्यावर दिसतो तेव्हा अंधार अंगावर येतो.