सल्ला हवा: आशाताईंच्या बैठकीत स्तनाची रचना कशी समजावू?

केजची गटप्रवर्तक
नमस्कार. बीड जिल्ह्यात आशा गटप्रवर्तक आहे. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतील, त्याआधी आशाताईंची एक बैठक स्तनाच्या आरोग्यावर घ्यायची आहे. सी-बॅक फॉर्म (आजारांच्या धोक्याची प्रश्नावली) भरताना ‘स्तनात गाठ आहे का’ असं आम्ही विचारतो, बाया ‘नाही’ म्हणतात आणि विषय तिथंच संपतो. पण निरोगी स्तन हाताला कसा लागतो हेच ठाऊक नसेल तर गाठ ओळखणार कशी? रोगापासून सुरुवात केली की बाया घाबरून उठून जायलेत. म्हणून आधी दूध कुठं तयार होतं, पाळीच्या आधी का दुखतं, हे सांगायचं ठरवलंय. चित्र कोणतं काढू, काय गाळू? आणि गाठ निघालीच तर कुठं पाठवू?

सिस्टर, अंबाजोगाई
ताई, अगदी बरोबर जागेवरून सुरुवात करताय. फळ्यावर ज्वारीचं कणीस काढा. मधला दांडा म्हणजे दूधनळी, दाणे म्हणजे दूध तयार करणाऱ्या बारीक पिशव्या. एका स्तनात असे साधारण १५ ते २० खंड असतात आणि त्यांच्या नळ्या बोंडाकडे येतात. भोवती चरबी आणि तंतू. आकार मुख्यतः चरबीवर ठरतो, त्यामुळं ‘छाती लहान म्हणून दूध कमी’ हे खरं नाही, ते तिथंच सांगून टाका. नव्या सुनांना हे बोलणं फार लागतं.

पिशवीला पेशींचे दोन थर असतात. आतला दूध बनवतो, बाहेरचा आवळून ते नळीत ढकलतो. बाळ ओढायला लागलं की मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं, बाहेरचा थर आवळतो आणि पान्हा फुटतो. बाळाचं नुसतं रडणं ऐकूनही फुटतो. बाई धास्तावलेली असली तर अडतो, म्हणून पाजताना तिच्यावर कुणी ओरडू नये, हे घरातल्यांनाही सांगा.

चीक टाकून देण्याचा विषय निघेलच. गरोदरपणातच पिशव्या तयार झालेल्या असतात, पण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक दूध भरू देत नाही. वार पडली की ते उतरतं आणि दोन-तीन दिवसांत दूध भरून येतं. तोवर येणारा चीक बाळाला द्यायचाच.

परभणीकर
मूळचा परभणीचा, सध्या पुण्यात पेशीशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. सिस्टरांनी रचना छान सांगितली, मी वयाचं सांगतो, कारण या अवयवाची खरी गंमत तिथं आहे. बहुतेक अवयव जन्मताना घडलेले असतात. स्तनात तेव्हा थोड्याशा नळ्याच असतात, मुलात आणि मुलीत सारख्याच. वयात येताना इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळं नळ्या वाढून फांद्या फुटतात. पुढं दर महिन्याला पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात पेशी वाढतात, पाणी साठतं, म्हणून स्तन जड आणि गाठीगाठीचे लागतात. पाळी झाली की उतरतं. गरोदरपणात पूर्ण वाढ, दूध तोडलं की त्यातल्या बहुतेक पेशी मरून जातात, आणि पाळी गेल्यावर पिशव्यांच्या जागी चरबी येते. इतक्या वेळा बांधकाम आणि मोडतोड होत असल्यानं चुकीलाही जागा राहते. बहुतेक कर्करोग नळीचं टोक आणि पिशव्यांचा झुबका जिथं जुळतात तिथंच उगवतात.

ताई, निरोगी स्तन कसा असतो हा तुमचा प्रश्न संशोधकांनाही उशिराच पडला. वर्षानुवर्षं अभ्यास झाला तो गाठीतून काढलेल्या पेशींवर आणि उंदरांवर. उंदराला ग्रंथींच्या पाच जोड्या असतात आणि त्या जवळजवळ नुसत्या चरबीत रुतलेल्या असतात. बाईच्या स्तनात पिशव्यांभोवती तंतूंचं दाट आवरण असतं. मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात निरोगी स्त्रियांनी दान केलेल्या स्तनाच्या ऊतींची बँक उभी राहिली. एका वेगळ्या अभ्यासात २०२३ मध्ये १२६ स्त्रियांच्या ऊतींतल्या सात लाखांहून जास्त पेशी एकेक तपासून नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात पेशींचे १२ मुख्य प्रकार सापडले, आणि निरोगी स्तनात संरक्षक पेशीही भरपूर असतात असं दिसलं. असं काम आपल्याकडच्या बायांवर मोठ्या प्रमाणात व्हावं अशी माझी फार इच्छा आहे.

मनीषा, लातूर
दर महिन्याला आरशासमोर स्वतः तपासायची पद्धत शिकवा. पाळीनंतर आठवड्याभरात. सोपी आहे.

परभणीकर
मनीषाताई, शिकवायला हरकत नाही, पण त्यावर सगळा भार टाकू नये. शांघायमध्ये सुमारे २,६६,००० गिरणी कामगार स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. २००२ च्या निष्कर्षात स्वतपासणी शिकवलेल्या गटात मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) मात्र वाढल्या. उलट मुंबईत टाटा मेमोरियलनं १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्यांची हातानं तपासणी करणाऱ्या बाया दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या होत्या. २०२१ मध्ये निकाल आला: पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आत तसा ठोस फरक दिसला नाही. म्हणून आपलं नेहमीचं ओळखायला शिकवा, आणि तिशीपुढच्या बाईला उपकेंद्रात प्रशिक्षित हाताखालून जाऊ द्या.

धाराशिवकर
पाठवायचं तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. आम्हाला बार्शीचं नर्गिस दत्त जवळ पडतं. रेशन कार्ड आणि आधार बरोबर द्या, महात्मा फुले योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. माझ्या मावशीची गाठ दुखत नव्हती म्हणून सहा महिने घरात कुणी मनावर घेतलं नाही. न दुखणारी गाठच आधी दाखवा, हे मोठ्यानं सांगा.

केजची गटप्रवर्तक
सगळ्यांचे मनापासून आभार. एक राहिलं: अंगावर पिणारं बाळ असताना गाठ आली तर?

सिस्टर, अंबाजोगाई
बहुतेक वेळा दूध साठल्याची किंवा सुजेची असते. लाल, गरम, सोबत ताप. पाजणं थांबवू नये, डॉक्टरांकडून औषध घ्यावं. पण दोन आठवड्यांत गेली नाही तर ‘दुधाचीच असंल’ म्हणून सोडू नका, सोनोग्राफी करून घ्या. पाजतानाही ती करता येते, सुईची तपासणीसुद्धा. बोंडातून रक्त, नव्यानं आत ओढलेलं बोंड, कातडीला खळगा, काखेत गाठ, यातलं काही दिसलं तर वाटच पाहू नका.

आणि टोळीबरोबर निघालेल्या बाईच्या हातात चिठ्ठी द्या: कोणत्या बाजूला, कधीपासून, काय तपासायचं राहिलं. कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात तिला पहिल्यापासून सांगत बसावं लागणार नाही. फोन नंबर तुमचा टाका, मुकादमाचा नको.