कार्यशाळेतून तुमच्या टेबलावर काय आलं? अनुभव सांगा

मे महिन्यात आम्हा विद्यापीठ कर्मचाऱ्यांसाठी तीन दिवसांची कार्यशाळा झाली. ‘व्यक्तिमत्त्व विकास आणि कार्यालयीन कौशल्ये’ असं लांबलचक नाव, निळं फोल्डर, न उठणारं पेन, दुपारी शीत आणि नुस्त्याची कढी, म्हणजे भात आणि माशाची आमटी. पहिल्याच सकाळी बाईंनी सांगितलं, पदनाम न सांगता स्वतःची ओळख करून द्या. मी अठरा वर्षं परीक्षा विभागात आहे. उभी राहिले आणि शब्द फुटेना. शेवटी म्हटलं, ‘मी पेडण्याची, मला दशावतार आवडतो.’ सगळे हसले. मीही हसले, पण घरी जाताना कदंब बसमध्ये बसून तेच डोक्यात घोळत राहिलं.

बाकी दोन दिवसांतलं फारसं आठवत नाही, खोटं कशाला बोलू. एक गोष्ट मात्र आमच्या खिडकीवर कामी आली. बाई म्हणाल्या होत्या, उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत एकदा परत सांगा. मला ते नाटकी वाटलं होतं. मग जूनमध्ये काणकोणहून एक मुलगा आला, दोन बसगाड्या बदलून, गुणपत्रिका हातात. ‘नावात चूक आहे,’ म्हणाला. एरवी मी वाक्य पुरं होण्याआधीच नावदुरुस्तीचा अर्ज पुढे सरकवला असता. त्या दिवशी म्हटलं, ‘म्हणजे तुझं नाव चुकलंय?’ तर नाही, त्याचं नाव बरोबर होतं, आईचं चुकलं होतं. त्याला वेगळा अर्ज लागतो, सोबतचे कागदही वेगळे. मी जुन्या सवयीने दिला असता तो अर्ज पंधरा दिवसांनी परत आला असता आणि पोर पुन्हा काणकोणहून.

तर तुमचं सांगा. शिक्षक, कार्यालय, ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, कोणीही. संस्थेचं नाव नको, माणसाचं नको. कंटाळा आला असेल तर तेही लिहा.

निवृत्त हेडक्लार्क, म्हापसा

मी १९८३ साली लागलो तेव्हा इथे विद्यापीठ नव्हतंच. पणजीत मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. १ जून १९८५ ला गोवा विद्यापीठ सुरू झालं आणि आम्ही खुर्चीवरून न उठता मुंबईचे गोव्याचे झालो. विद्यापीठाच्या पठारावरची बस तेव्हा चुकली तर चुकलीच.

वर्कशॉप म्हणजे तेव्हा गाड्या दुरुस्त करायची जागा. आम्हाला शिकवलं ते वरच्या क्लार्कने, लाल पेन्सिलीने. हिरव्या कागदावर नोट म्हणजे टिपणी, उजवीकडे पत्रव्यवहार, नोटची पानं ‘एन’, पत्रांची ‘सी’, आणि ज्या पत्रावर निर्णय हवा त्याला पीयूसीची, म्हणजे ‘पेपर अंडर कन्सिडरेशन’ची चिठ्ठी. ते म्हणायचे, साहेबाला मागचं पान उलटून बघावं लागलं तर तुझी नोट फसली. ओरडायचे खूप. शिकवलंही तेवढंच.

निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना मला टिपणी-मसुदा लेखनाच्या दोन दिवसांच्या वर्गाला पाठवलं. मनात म्हटलं, आता मला हे काय शिकवणार? एका निवृत्त अधिकाऱ्यांनी आम्हा चौदा जणांना एकच फाईल दिली. वर्गखोल्यांना पंखे घ्यायचे आहेत, तीन कोटेशनं आली आहेत, नोट लिहा. चौदा नोटा झाल्या. त्यांनी एकेक वाचली आणि प्रत्येकीनंतर एकच प्रश्न विचारला, ‘मग पंखे घ्यायचे की नाही?’ चौदांपैकी दोघांच्या नोटेत ते होतं. माझ्या नव्हतं. माझ्या नोटेत नियम होता, पूर्वपीठिका होती, तिन्ही कोटेशनांचा तक्ता होता आणि शेवटी ‘उचित आदेशार्थ सादर’. पस्तीस एक वर्षं मी ‘उचित आदेशार्थ सादर’च्या मागे लपत होतो हे त्या दिवशी कळलं. प्रस्ताव लिहिला तर सही आपली, उद्या विचारणा झाली तर मान आपली, म्हणून लपायचं.

मग मी पहिल्याच परिच्छेदात प्रस्ताव लिहू लागलो, कारणं खाली. साहेबांनी महिन्याभराने विचारलं, ‘तुमच्या फायली हल्ली पातळ कशा?’ पातळ नव्हत्या, फक्त वाचायला कमी लागायच्या.

ताण नको

मी ताण व्यवस्थापनाला गेलो होतो. सत्र दुपारी अडीचला, जेवणानंतर. डोळे मिटा म्हणाले. मिटले. पुढचं साडेतीनला कळलं.

वेळेच्या नियोजनाचंही एक सत्र होतं. चार चौकोन काढा, महत्त्वाचं आणि तातडीचं, महत्त्वाचं पण तातडीचं नाही, वगैरे. माझी सगळी कामं पहिल्या चौकोनात, कारण वरून येणाऱ्या प्रत्येक कागदावर ‘तातडीचे’ असा शिक्का असतोच. मग पंचवीस मिनिटं एकाग्र काम आणि पाच मिनिटं विश्रांती अशी एक युक्ती सांगितली, तिचं नाव पोमोदोरो. इटालियनमध्ये टोमॅटो. ज्याने ती काढली त्याच्याकडे म्हणे टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ होतं. इंटरकॉम नसावा.

माझं म्हणणं साधं आहे. आमच्या विभागात मंजूर जागा पाच, माणसं तीन. ताण कुठून येतो हे श्वास मोजून कळत नाही.

धागाकर्ती

जागांचं खरं आहे, त्याला कार्यशाळेचं औषध नाही. पण इंटरकॉमवरून एक. आमच्या तिघींनी आपसात ठरवलंय की सकाळच्या पहिल्या तासात एकीने सगळ्यांचे फोन घ्यायचे, दोघींनी पडताळणी करायची. आठवड्याने पाळी बदलते. कोणाची परवानगी घेतली नाही, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

ग्रंथालयवाली, फोंडा

आम्हाला ‘जोहारी खिडकी’ शिकवली. मी वारकऱ्यांच्या घरातली, मला वाटलं जोहार म्हणजे नमस्काराबद्दल काही असेल! तर ते जो आणि हॅरी या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या नावांवरून, १९५५ सालचं. आपल्याबद्दल आपल्याला माहीत नाही पण इतरांना दिसतं, असा तिच्यात एक कप्पा असतो. शेजारच्याने त्या कप्प्यातलं एक सांगायचं होतं. दहा वर्षं माझ्या शेजारी बसणारी सहकारी म्हणाली, ‘गे, तू कोणी बोलायला लागलं की स्क्रीनकडे बघतेस.’ मला राग आला. दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी एक विद्यार्थी पुस्तक विचारत होता आणि मी स्क्रीनकडे बघत होते. अर्थात पुस्तक स्क्रीनवरच शोधायचं असतं, हा माझा बचाव अजूनही कायम आहे. पण हल्ली आधी नाव पूर्ण ऐकते, मग वळते.

सत्तरीचा एमटीएस

आम्हा एमटीएसना, म्हणजे शिपाई वगैरे मंडळींना, पाठवतात ते खुर्च्या भरायला, हे आधीच सांगतो. स्लाइडी इंग्रजीत. दोन तास बसलो, उठलो. म्हणून प्रथमोपचाराला जा म्हटल्यावर मी कुरकुरलो. पण तिथला डॉक्टर पहिल्या मिनिटापासून कोंकणीत. जमिनीवर रबराचा माणूस ठेवला आणि म्हणाला, ‘हो पडला, आतां कितें करतले?’ कोणी पाणी म्हणालं, कोणी कांदा. तो म्हणाला, आधी हाक मारा, उत्तर नाही आणि श्वास धड नाही तर १०८ ला फोन, आणि लगेच छाती दाबायला सुरुवात. मधोमध, हात सरळ, ५ सेंटीमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. मिनिटाला १०० ते १२० वेळा. पुष्कळ जण घाईत दीडशेच्या वर जात होते. मी चवथीला घुमट वाजवतो. मनातल्या मनात आरतीचा ठेका धरला आणि बरोबर बसला. डॉक्टरने मला पुढे बोलावून बाकीच्यांना ताल द्यायला सांगितलं. नोकरीच्या एकवीस वर्षांत पहिल्यांदा मी उभा होतो आणि प्राध्यापक माझ्या तालावर काम करत होते.

वेळ आलेली नाही, देव करो येऊ नये. पण तेव्हापासून सभागृहाच्या मागच्या दाराची चावी माझ्याच खिशात असते. कार्यक्रम सुरू होण्याआधी ते दार उघडं आहे की नाही बघून येतो.

शेवटची रांग

महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचं सत्र. कायदा २०१३ चा, आणि विद्यापीठं-महाविद्यालयांसाठी यूजीसीचे वेगळे नियम २०१५ चे. सत्र सुरू झालं आणि मागच्या रांगेत खुसखुस. ‘आतां बायलांकडेन उलोवपाचेंच ना,’ म्हणजे आता बायकांशी बोलायचंच नाही, एक जण म्हणाला, ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

वक्त्या वकील होत्या. थांबल्या. म्हणाल्या, ‘तुमच्या अंतर्गत समितीची अध्यक्ष कोण आहे?’ तो गप्प. मग त्यांनी पूर्ण हॉलला विचारलं. साठ माणसं होतो, पाच हात वर आले. अध्यक्ष वरिष्ठ स्त्रीच असावी लागते, निम्म्या सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरचा, हे त्यांनी सांगितलं. कायद्यात तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते, हेही. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि मी बाई आहे.

चहाच्या वेळी एक मुलगी माझ्याजवळ आली. तिने विचारलं, ‘ताई, मुदत तीन महिने म्हणजे शेवटच्या प्रसंगापासून ना?’ मी म्हटलं, हो, तसंच सांगितलं. आणखी कारणं असतील तर समितीला मुदत वाढवताही येते. तिने मान हलवली, कप ठेवला आणि गेली. पुढचं मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. एवढंच सांगते की मागच्या रांगेसाठी नसलं तरी ते सत्र एका माणसासाठी वेळेवर झालं होतं.

कंत्राटी, डिचोली

मला कार्यशाळेचा अनुभव नाही कारण मला बोलावतच नाहीत. परिपत्रकात ‘नियमित कर्मचारी’ असं लिहिलेलं असतं. मी सहा वर्षं डेटा एंट्री करते. कायमच्या लोकांना एक्सेल शिकवून आणतात आणि परत आल्यावर तक्ता माझ्याकडेच येतो, ‘बाय, इल्लें बघशी?’ म्हणून.

मी शिकले ते शेजारच्या विभागातल्या एका दादाकडून, जेवणाच्या सुट्टीत. व्हीलूकअप, म्हणजे एका यादीतलं दुसऱ्या यादीत शोधून देणारं एक्सेलचं सूत्र, पहिल्यांदा चालवलं तेव्हा दोनशे नावांतली चाळीस सापडेचनात. गोव्यात हे होणारच होतं. नाईक दोन-तीन तऱ्हांनी लिहितात, एक साधं, एक पोर्तुगीज वळणाचं, क्यू-यू-ई अशी शेपटी असलेलं. परब एका कागदावर परब, दुसऱ्यावर पोरोब. गावकर तर विचारू नका. वर नावापुढे कोणीतरी दिलेली रिकामी जागा, ती डोळ्याला दिसत नाही पण एक्सेलला दिसते. दादाने सांगितलं, नावावर जुळवायचंच नाही, नोंदणी क्रमांकावर जुळवायचं, आणि त्याआधी ट्रिम लावून रिकाम्या जागा छाटायच्या. चाळीसपैकी सदतीस सापडली. उरलेली तीन खरोखरच यादीत नव्हती.

मेल मर्जही त्यानेच शिकवलं, म्हणजे एकाच पत्रात यादीतली नावं आपोआप भरून घेणं. तीनशे पत्रं मी पूर्वी एकेक नाव बदलून छापत असे. आता अर्ध्या तासात होतं. याचं प्रमाणपत्र नाही माझ्याकडे, नूतनीकरणाच्या अर्जात ‘प्रशिक्षण’ हा रकाना कोराच जातो.

शिकवणारा

मी वाणिज्यचा प्राध्यापक आहे आणि गेली काही वर्षं अशी सत्रं घेतो, म्हणून समोरच्या बाजूचं लिहितो. सुरुवातीला मीही चार चौकोन आणि पोमोदोरोवालाच होतो. ‘ताण नको’ यांची डुलकी मी शेकडो चेहऱ्यांवर पाहिली आहे.

मग एका महाविद्यालयात गेलो तेव्हा स्लाइड लावलीच नाही. प्रवेशाचा त्यांचाच छापील अर्ज सगळ्यांना वाटला आणि सांगितलं, भरा. स्वतःच्या नावाने, आत्ता, कोणाला न विचारता. पाच मिनिटं शांतता. मग कुजबुज. ‘इथे जन्मगाव की जन्मतालुका?’ ‘पालकाचं उत्पन्न मासिक की वार्षिक?’ हा अर्ज ज्या बाई बारा वर्षं तपासत होत्या त्याच हे विचारत होत्या. वीस मिनिटांत एकाचाही पूर्ण झाला नाही. पत्ता तीनदा विचारला होता. एक रकाना अशा प्रमाणपत्रासाठी होता जे त्या महाविद्यालयाने मागणं केव्हाच बंद केलं होतं, पण ‘लागू नाही’ लिहिलं नाही म्हणून दरवर्षी अर्ज परत जात होते. शिपायाने, हो, शिपायानेच विचारलं, ‘सर, सगळ्यांत खाली सहीला अर्धा इंच जागा, इतकी लहान सही कोण करतो?’

पुढचे दोन तास मी जवळजवळ काही बोललो नाही. ते आपसात भांडले, फुलीच्या खुणा केल्या, एकाने फळ्यावर नवा अर्ज काढला. बदलला का? थोडा. पत्ता आता दोनदा विचारतात. दुसरा काढायला समितीची बैठक लागेल म्हणाले.

आणि डिचोलीच्या ताईंचं वाचून मला लाज वाटली. परिपत्रकात ‘नियमित’ लिहिलेलं मी वाचत आलो, कधी विचारलं नाही.

ग्रंथालयवाली, फोंडा

कंत्राटी ताई, आमच्याकडे चारशे थकबाकीदारांना स्मरणपत्रं पाठवायची आहेत आणि मेल मर्ज येणारं इथे कोणी नाही. पुढच्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतर येशील का शिकवायला? आम्ही सहा जणी आहोत. ग्रंथपालांना विचारलंय, त्या हो म्हणाल्या. प्रमाणपत्र देता येतं का ते बघतात. चहा आणि मिरची-भजी नक्की.

कंत्राटी, डिचोली

येते. यादीत नोंदणी क्रमांकाचा रकाना आहे ना, तेवढं बघून ठेवा.