‘द साउंड ऑफ म्युझिक’ नव्याने पाहताना: डिस्क घ्यावी का, आणि मध्यंतर कुठे घ्यावे?

नदीकाठ

रॉबर्ट वाइझ यांचा १९६५चा ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आमच्या पिढीने बहुतेक वेळा व्हिडिओ कॅसेटवर, घरच्या छोट्या टीव्हीवर पाहिला. गाणी तोंडपाठ असली तरी हा चित्रपट सलग पाहून फार काळ लोटला आहे. आता माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, ती गाणे शिकते आणि दिवाळीच्या सुट्टीत तिला व तिच्या आजी-आजोबांना एकत्र बसवून तो दाखवावा, असा विचार आहे. त्यासाठी चांगली डिस्क मुद्दाम विकत घेण्याइतका फरक पडतो का? चित्रपट १७४ मिनिटांचा असल्याने तो दोन दिवसांत विभागून दाखवला तर चालेल का? शिवाय उत्तरार्धातील नाझींचा भाग या वयाच्या मुलीला झेपेल का? अलीकडे ज्यांनी तो पुन्हा पाहिला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तिसरी_घंटा

डिस्क अवश्य घ्या, कारण कॅसेटवर आपण जे पाहिले तो चित्रपटाच्या चौकटीचा जेमतेम साठ टक्के भाग होता. हा चित्रपट टॉड-एओ पद्धतीने, म्हणजे ६५ मिमी निगेटिव्हवर चित्रित करून ७० मिमीच्या प्रिंटवर दाखवला गेला आणि त्याच्या चौकटीची रुंदी उंचीच्या २.२० पट आहे. जुन्या टीव्हीची रुंदी उंचीच्या केवळ १.३३ पट असे. त्यामुळे पडदा पूर्ण भरावा म्हणून कॅसेटसाठी चित्राच्या रुंदीतील जवळजवळ ४० टक्के भाग कापला जात असे.

एखाद्या संवादप्रधान चित्रपटात हे कदाचित खपून गेले असते, पण येथे कॅप्टन ट्रॅप यांची सात मुले आहेत आणि दिग्दर्शकाने त्यांना वारंवार एका ओळीत उभे केले आहे. कॅप्टनच्या शिट्टीवर गणवेशातील मुले रांग धरतात, तो प्रसंग आठवा. पूर्ण चौकटीत ती रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दृष्टिक्षेपात दिसते आणि त्या घरातील शिस्तीचे ओझे न सांगता कळते. तीच मुले पुढे मिराबेल उद्यानाच्या पायऱ्यांवर ‘डो-रे-मी’ गाताना स्वरांप्रमाणे वर-खाली होतात, तेव्हा प्रत्येक मुलाची जागा हाच त्या गाण्याचा नकाशा असतो. कडेची मुले कापली गेली की ते गाणे ऐकू येते, पण दिसत नाही.

दुसरा फरक अंधाराचा. ‘समथिंग गुड’ हे गाणे काचेच्या मंडपात जवळजवळ पूर्णपणे छायाकृतींत चित्रित झाले आहे. प्रखर दिव्यांच्या विचित्र आवाजामुळे आपल्याला आणि कॅप्टनची भूमिका करणाऱ्या क्रिस्टोफर प्लमर यांना हसू आवरत नव्हते, म्हणून दिवे मंद करावे लागले, असे मुलांच्या शिक्षिकेची, म्हणजे मारियाची भूमिका करणाऱ्या ज्युली अँड्र्यूज यांनीच सांगितले आहे. कॅसेटवर त्या जागी काळा ठिपका दिसे. निगेटिव्ह नव्याने स्कॅन करून काढलेल्या २०१०च्या ब्लू-रेवर त्याच अंधारातील छटा उलगडतात. २०२५मध्ये फोर-के डिस्कही आली आहे, परंतु साधा ब्लू-रेसुद्धा तुम्हाला पुरेल.

सांजवात

तिसरी_घंटा यांच्याशी मी सहमत आहे. मात्र तो दोन दिवसांत विभागू नका, असे मी आग्रहाने सांगेन. चित्रपटाला स्वतःचे मध्यंतर आहे. नृत्यसमारंभाच्या रात्री मारिया चिठ्ठी ठेवून घर सोडते, तेथे ते येते. तेव्हाच उठा, चहा-फराळ करा आणि त्याच दिवशी पुन्हा बसा. याचे कारण गाण्यांच्या मांडणीत आहे. मध्यंतरानंतर पूर्णपणे नवी अशी दोनच गाणी येतात, ‘क्लाइम्ब एव्हरी माउंटन’ आणि ‘समथिंग गुड’. बाकी सारी पूर्वार्धातील गाणी वेगळ्या मनःस्थितीत परत येतात. वादळाच्या रात्री मुलांची भीती घालवणारे ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ मारिया निघून गेल्यावर मुलांच्या तोंडी किती केविलवाणे होते, ते पाहा.

‘एडलवाइस’चे उदाहरण याहून मोठे आहे. ऑस्कर हॅमरस्टाइन यांनी लिहिलेले हे अखेरचे गीत. ऑगस्ट १९६०मध्ये ते गेले, म्हणून चित्रपटासाठी नव्याने हव्या असलेल्या दोन गाण्यांचे शब्दही संगीतकार रिचर्ड रॉजर्स यांनाच लिहावे लागले. मूळच्या रंगमंचीय प्रयोगात ‘एडलवाइस’ फक्त शेवटच्या संगीतमहोत्सवात होते. पटकथाकार अर्नेस्ट लेहमन यांनी ते आधी घरात, कॅप्टनच्या हाती गिटार देऊन आणले. त्यामुळे महोत्सवात त्याचा कंठ दाटतो तेव्हा प्रेक्षकाला घरातील ती संध्याकाळ आठवते, आणि ही आठवण ताजी असायला हवी. (कॅप्टनचा गाण्यातील आवाज बिल ली यांचा आहे; पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्या आजी-आजोबांना त्यात काही खटकणार नाही.)

पाऊलवाट

भीतीविषयी: दफनभूमीत लपण्याचा प्रसंग थोडा तणावाचा आहे, पण त्यात रक्तपात नाही. नऊ वर्षांच्या मुलीला तो मोठ्यांच्या शेजारी बसून सहज पाहता येईल, आणि तो भाग गाळू तर मुळीच नये. म्युनिकमध्ये वितरकाच्या स्थानिक व्यवस्थापकाने मारिया आणि कॅप्टन यांच्या लग्नानंतरचा सारा भाग कापून चित्रपट दाखवला होता आणि त्यापायी त्याची नोकरी गेली. कॅप्टन नाझींच्या नौदलात जायला जो नकार देतो, त्याला त्या कापलेल्या रूपात अर्थच उरत नाही.

एक गोष्ट मात्र मुलीला आधीच सांगावी, असे मला वाटते. खरे ट्रॅप कुटुंब १९३८मध्ये चित्रपटाच्या शेवटी दिसते तसे डोंगर चढून स्वित्झर्लंडला नव्हे, तर रेल्वेने इटलीला गेले. साल्झबुर्गजवळचा डोंगर ओलांडला असता तर ते स्वित्झर्लंडऐवजी थेट जर्मनीत उतरले असते.

सांजवात

पाऊलवाट, माहिती अचूक आहे, पण ती आधी नको. शेवटच्या दृश्यात मुलीने नकाशा तपासावा असे मला वाटत नाही. तिने त्या माणसांबरोबर चढावे. दुसऱ्या दिवशी नकाशा काढून बसा आणि हेही सांगा, की खरी मारिया एकाच आजारी मुलीची शिक्षिका म्हणून त्या घरी आली होती, तिचे लग्न १९२७मध्येच झाले होते आणि देश सोडला तेव्हा तिला स्वतःच्या दोन मुली होत्या.

नदीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ब्लू-रे मागवतो आहे. चित्रपट एकाच दिवशी, दुपारी लवकर सुरू करू, आणि नकाशा दुसऱ्या दिवसासाठी ठेवू. आजी-आजोबांना इंग्रजी गाण्यांचे शब्द पटकन कळणार नाहीत, म्हणून ‘एडलवाइस’ आणि ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ यांचा मराठी भावार्थ त्यांना आदल्या दिवशी लिहून देईन.