मदत हवी आहे: भ्रूणाचे आठवडे नक्की कुठून मोजायचे?

मिडवायफरीच्या पहिल्या वर्षाला आहे. भ्रूणाच्या सुरुवातीच्या वाढीचा भाग चालू आहे आणि आठवड्यांच्या हिशोबात पार गुंतले आहे.

एका पुस्तकात हृदयाचे ठोके २२व्या दिवसाच्या सुमारास, म्हणजे चौथ्या आठवड्यात सुरू होतात. प्रसूतिपूर्व तपासणीच्या धड्यात ते सोनोग्राफीत सहाव्या आठवड्याच्या आसपास दिसतात. पहिलं पुस्तक फलनापासून मोजतं, दुसरं शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, इथवर कळलं. पण मग दरवेळी सरळ दोन आठवडे मिळवायचे का? पाळी लांबणाऱ्या बाईचं काय? आणि ते आतड्यांचं प्रकरण: सहाव्या आठवड्यात आतडी नाळेत शिरतात, दहाव्यात परत पोटात जातात. हे आठवडे कुठले? तोंडी परीक्षेत हमखास विचारतात म्हणे. तक्ते पाठ करून बघितले, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी.

प्रतिसाद:
दोन मिळवायचे, पण ते २८ दिवसांच्या चक्रापुरतं. स्त्रीबीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटतं हे त्यात धरलेलं असतं. चक्र ३५ दिवसांचं असेल तर बीज साधारण एकविसाव्या दिवशी सुटतं. लांबतो तो बीज सुटण्याआधीचा काळ. अशा बाईचे पाळीवरून आठ आठवडे भरले तरी भ्रूणाचं माप सात आठवड्यांचं येतं. म्हणून पहिल्या तिमाहीत सीआरएल, म्हणजे डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून तारीख पक्की करतात. सोनोग्राफीचा रिपोर्टही आठवडे पाळीच्याच हिशोबात देतो, त्यात पुन्हा दोन मिळवू नका!

आतड्यांचे आठवडे फलनापासूनचे. पाळीवरून साधारण ८ ते १२. त्यामुळे दहाव्या आठवड्यात नाळेच्या मुळाशी छोटा फुगवटा दिसला म्हणून लगेच दोष म्हणायचा नाही. बारा आठवडे उलटूनही राहिला तर पुढची तपासणी. यकृत बाहेर दिसलं तर मात्र ते कोणत्याच आठवड्यात नैसर्गिक नाही.

प्रतिसाद:
अगं, तक्ता सोड, समोर बसलेल्या बाईच्या बाजूने मांड. फलन गर्भनलिकेत होतं. पाचव्या दिवसाच्या आसपास ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पेशींचा पोकळ गोळा, सहाव्या-सातव्या दिवशी गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला सुरुवात. पाळी चुकते तेव्हा आत जेमतेम दोन आठवड्यांची, दोन थरांची चकती असते. पुढच्या आठवड्यात तिचे तीन थर होतात. मग न्यूरल ट्यूब, म्हणजे जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी, मिटत येते: डोक्याकडचं तोंड २५व्या दिवसाच्या सुमारास, खालचं २८व्या. म्हणजे पाळी चुकून फक्त दोन आठवडे! तेव्हा बाई अजून 'बघू, येईल उद्या-परवा' म्हणत असते.

म्हणूनच फोलिक अॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून घ्यायची आणि बारा आठवड्यांपर्यंत चालू ठेवायची. पहिल्या तपासणीला बाई आठ-दहा आठवड्यांची आली, तर न्यूरल ट्यूबच्या दोषांपुरती वेळ निघून गेलेली असते. मला विचारशील तर परीक्षेपेक्षा हा हिशोब यासाठी पक्का हवा.

धागाकर्ती:
आता उजेड पडला, दोघींचे आभार. म्हणजे भ्रूणाचा काळ संपतो तो फलनापासून आठ आठवड्यांनी, पाळीवरून दहा. बरोबर ना?

प्रतिसाद:
बरोबर. तोंडी परीक्षेत आकडा सांगण्याआधी 'फलनापासून' की 'पाळीपासून' ते म्हण, मग कुणी अडवणार नाही.